वॉशर पडला, आता? अवजड विजेच्या कारखान्यातले दिवस

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायचाय, किंवा जे इअरफोन घरी विसरून लोकलमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना माझं जे ‘म्हणजे’, ‘अ‍ॅक्च्युअली’ चालतं ते जरा छाटलंय. बाकी सगळं तेच.

आजची सुरुवात एका आवाजाने.

टिंग.

बस, एवढाच. डिप्लोमा झाल्यावर मी एक वर्ष अप्रेंटिस होते, मोठे ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्या एका कारखान्यात. कारखान्याचं नाव घेत नाही, गरजही नाही. दुपारचे दोन चाळीस झाले होते. तीनला भोंगा, मग बस, मग घर. मी मचाणावर उभी राहून एका जोडणीचे बोल्ट आवळत होते. खाली माणसाच्या दुप्पट उंचीच्या तीन कॉइल उभ्या. आणि माझ्या बोटांतून एक वॉशर निसटला. टिंग वाजलं आणि मग काहीच नाही. जमिनीवर पडल्याचा आवाज आलाच नाही.

म्हणजे तो आत गेला होता.

माझ्या वाटीत मोजून दिलेले २४ वॉशर होते. शिफ्ट संपताना वापरलेले आणि उरलेले मिळून २४ दाखवायचे. दोन टेबलं सोडून वॉशरचा अख्खा डबा उघडा होता. एक उचलून वाटीत टाकला की हिशेब जुळला, कुणाला कळणार नव्हतं. मला वाटतं मी दहा मिनिटं तशीच उभी होते.

मी काय केलं ते शेवटी सांगते. आधी एका वॉशरचं एवढं काय, ते बघू. त्यासाठी विजेच्या मोठ्या यंत्रांचे कारखाने नेमके चालतात कसे, हे समजून घ्यावं लागेल. आणि त्यासाठी थेट मँचेस्टरला जावं लागेल. का, तेही कळेल.

हे हाताने का करतात?

तुमचा फोन असेंब्ली लाइनवर बनतो. दिवसाला हजारो, सगळे एकसारखे. मोठा ट्रान्सफॉर्मर तसा बनत नाही. प्रत्येक ऑर्डर वेगळी असते आणि एका डिझाइनचे फार तर दोन-चार नग.

आतमध्ये काय असतं? मध्ये लोखंडाचा गाभा. पण तो सलग ठोकळा नसतो. पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचे सिलिकॉन स्टीलचे हजारो पत्रे एकावर एक रचून तो बनवतात. सलग लोखंड घेतलं तर त्यातच प्रवाह फिरत बसतात आणि ते तापतं, म्हणून पातळ पत्रे. ते रचायचं काम माणसं करतात, टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहून. पत्त्यांच्या कॅटसारखं, फक्त प्रत्येक पत्ता कधीकधी माणसापेक्षा लांब आणि कडा ब्लेडसारख्या.

गाभ्याभोवती तांब्याच्या कॉइल. तांब्याच्या पट्टीला कागद गुंडाळलेला असतो. हो, कागदच! लाखो व्होल्ट अडवायला कागद आणि तेल, हीच जोडी शंभरहून जास्त वर्षं चालत आलीय. एक जण मशीन हळूहळू फिरवतो, दुसरा पट्टी बसवत जातो, मऊ हातोड्याने ठोकत जातो. एका मोठ्या कॉइलला कित्येक दिवस लागतात. एखाद्या वेढ्याचा कागद जरा जरी फाटला, तरी ते तिथल्या तिथे कळायला हवं. नंतर तो वेढा पुन्हा दिसतच नाही.

म्हणून आमच्या वाइंडिंग शॉपचे नियम एखाद्या ऑपरेशन थिएटरसारखे. बाहेरची धूळ आत येऊ नये म्हणून आतल्या हवेचा दाब थोडा जास्त. अंगठी, बांगडी, घड्याळ बाहेर. डगल्याला खिसेच नाहीत. पाने आणि स्क्रू ड्रायव्हर फितीने मनगटाला बांधलेले. नखं कापलेली. पहिल्या दिवशी माझ्या हातातला राखीचा दोरासुद्धा काढायला लावला होता.

आणि वॉशर? ट्रान्सफॉर्मर चालू असताना सतत गुणगुणतो, ते तुम्ही डीपीजवळ ऐकलं असेल. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची. प्रत्येक आवर्तनात गाभा दोनदा किंचित ताणतो आणि पूर्ववत होतो, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थरथरतो. आता या थरथरीत कागदाला टेकलेला लोखंडी वॉशर ठेवा. सेकंदाला १०० वेळा तो तिथे घासत राहणार. आज काही होणार नाही. उद्याही नाही. पाच वर्षांनी एखाद्या रात्री कागद संपेल, दोन वेढे एकमेकांना भिडतील, आणि एखाद्या तालुक्याची वीज जाईल. आत तेल असतं, म्हणजे आगही लागू शकते. तोवर तो वॉशर कुणी टाकला हे कुणाच्या लक्षातही नसणार.

या कामाची खरी गंमत आणि खरी भीती हीच. इथली चूक उशिरा बोलते.

काका आणि त्यांचे उस्ताद

आमच्या शॉपमध्ये एक काका होते. मूळचे भोपाळचे मराठी, म्हणून बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. मला ‘बेटा’ म्हणायचे. भोपाळच्या ‘हेवी’मधून निवृत्त झाले आणि इकडे शिकवायला आले. डोळ्यांपेक्षा बोटांवर त्यांचा जास्त भरवसा. कॉइलवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, “इथे बघ, इथे कागद चढलाय.” मला काही दिसायचं नाही. भिंगाने बघितलं की दिसायचं.

‘हेवी’ म्हणजे हेवी इलेक्ट्रिकल्स इंडिया लिमिटेड. १९५६ मध्ये सरकारने ही कंपनी काढली. स्वतंत्र भारताला धरणं बांधायची होती, वीज हवी होती, आणि तिच्यासाठी लागणारी मोठी यंत्रं सगळी परदेशातून यायची. ती इथेच बनवायची म्हणून भोपाळजवळ कारखाना उभा राहिला, आणि सोबत पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा या वस्त्या. ६ नोव्हेंबर १९६० ला पंडित नेहरूंनी कारखाना देशाला अर्पण केला. पुढे १९७४ मध्ये तो ‘भेल’मध्ये विलीन झाला. पण काकांच्या तोंडी शेवटपर्यंत ‘हेवी’च.

कारखाना म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर यंत्रं येतात. काका सांगायचे, तिथे यंत्रांच्या बरोबरीने प्रशिक्षणाची शाळा चालली, कारण मशीन विकत मिळतं, वाइंडर विकत मिळत नाही. देशाच्या कानाकोपऱ्यातून पोरं आली. तमिळ, बंगाली, पंजाबी, मराठी, सगळी एका बाकावर. काकांचे उस्ताद त्यातल्या सुरुवातीच्या काही जणांपैकी. त्यांना शिकायला इंग्लंडला पाठवलं होतं. कारण भोपाळच्या कारखान्याची तांत्रिक सल्लागार होती एईआय ही ब्रिटिश कंपनी. आणि एईआयचा एक मोठा कारखाना होता मँचेस्टरच्या ट्रॅफर्ड पार्कमध्ये. म्हणून म्हटलं, मँचेस्टरला जावं लागेल.

ट्रॅफर्ड पार्क: शाळा की कारखाना?

१८९९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्ज वेस्टिंगहाऊसने ब्रिटिश वेस्टिंगहाऊस कंपनी काढली आणि ट्रॅफर्ड पार्कमध्ये १३० एकर जागा घेतली. कारखाना त्याच्या पिट्सबर्गच्या कारखान्यासारखाच. शेजारच्या कामगार वस्तीतल्या रस्त्यांनाही अमेरिकन पद्धतीने नंबर: फर्स्ट स्ट्रीट, सेकंड स्ट्रीट. १९०३ पर्यंत ट्रॅफर्ड पार्कमध्ये जे सुमारे १२,००० लोक काम करायचे, त्यातले जवळजवळ निम्मे या एकाच कारखान्यात.

१९१९ मध्ये त्याचं नाव झालं मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स. मँचेस्टरकर लाडाने म्हणायचे ‘मेट्रोव्हिक’.

इथे आर्थर फ्लेमिंग नावाचे एक इंजिनिअर होते. त्यांचा विषय इन्सुलेशन, म्हणजे आपला तोच कागद, अभ्रक, वॉर्निश. ते स्वतः तरुणपणी पिट्सबर्गला जाऊन शिकून आले होते. पुढे कारखान्याचं शिक्षण आणि संशोधन दोन्ही त्यांच्याकडे आलं. त्यांच्या काळात मेट्रोव्हिकची अप्रेंटिसशिप प्रसिद्ध झाली. शाळा सोडून आलेली पोरंही घ्यायचे आणि कॉलेजमधून पदवी घेतलेलेही. पदवीधरालासुद्धा टेबलखुर्ची नाही. आधी शॉपमध्ये फिरायचं, हात काळे करायचे, वाइंडिंग बघायचं, टेस्टिंगला उभं राहायचं.

असाच एक पदवीधर अप्रेंटिस १९२०च्या सुमारास तिथे होता, जॉन कॉकक्रॉफ्ट. पुढे केंब्रिजला गेला, आणि १९३२ मध्ये वॉल्टनसोबत त्याने कृत्रिमरीत्या वेग दिलेल्या कणांनी अणूचं केंद्रक फोडलं. १९५१ चं नोबेल दोघांना. त्या प्रयोगाला प्रचंड व्होल्टेज आणि चांगली निर्वात पोकळी लागत होती, आणि त्यासाठी मेट्रोव्हिकची मदत कामी आली. शॉप फ्लोअरवर काढलेले दिवस फुकट जात नाहीत ते असे.

आणि आपल्यासाठी खास एक गोष्ट! १५ नोव्हेंबर १९२२ ला मँचेस्टरचं पहिलं बीबीसी रेडिओ केंद्र, ‘टू-झेड-वाय’, सुरू झालं ते याच कारखान्याच्या आवारातून. म्हणजे आपल्या पॉडकास्टचा खापरपणजोबा ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी जन्मला.

तुम्ही त्यांच्या रस्त्यावरून गेला आहात

पुणे-मुंबई ट्रेनने कधी गेलात? खंडाळ्याच्या घाटात काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट चढ आहे. १९२९-३० मध्ये पुणे आणि इगतपुरीपर्यंतचे दोन्ही घाट विजेवर आले. तेव्हा मालगाड्या ओढणारं जे लांब नाकाचं इंजिन आलं, त्याला आपल्याकडचे रेल्वेवाले ‘खेकडा’ म्हणायचे. त्याची विजेची यंत्रणा मेट्रोव्हिकची. सुरुवातीच्या काळात डेक्कन क्वीन ओढणाऱ्या इंजिनांचीही. मँचेस्टरमध्ये कुणीतरी हाताने गुंडाळलेल्या मोटरी आपल्या घाटात कित्येक दशकं राबल्या.

रंगवून सांगत नाही

आता कुणी म्हणेल, काय सोनेरी दिवस होते! थांबा जरा.

अशा कारखान्यांत आवाज भयंकर. तिशी-चाळिशीत कान गेलेली माणसं सर्रास. टर्बाइन आणि वाफेच्या नळ्यांवर ॲसबेस्टॉसचं आवरण चढवायचे. त्याचे तंतू फुप्फुसात जातात आणि कॅन्सर वीस-तीस-चाळीस वर्षांनी येतो. बघा, इथेही तेच, उशिरा बोलणारी चूक. फक्त इथे ती माणसाच्या शरीरात. ब्रिटनमध्ये ॲसबेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला १९९९ उजाडलं.

बायकांचं घ्या. बारीक कॉइल गुंडाळायचं, टेप लावायचं काम ब्रिटनमध्ये कितीतरी ठिकाणी बायका करायच्या, ‘त्यांची बोटं नाजूक’ म्हणून. पगार मात्र पुरुषांपेक्षा कमी. दुसऱ्या महायुद्धात त्याच बायकांनी जड कामंही केली. मेट्रोव्हिकमध्ये तेव्हा बॉम्बर विमानंही बनत होती. डिसेंबर १९४० मध्ये नाताळच्या तोंडावर मँचेस्टरवर बॉम्बहल्ले झाले, त्यात कारखान्यात जुळवलेली पहिली १३ विमानं नष्ट झाली. त्यानंतरही कारखान्याने हजाराहून जास्त लँकेस्टर विमानं बांधली.

टेस्टिंगची भीती वेगळीच. वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या मोठ्या जनरेटरचा रोटर मिनिटाला ३,००० फेरे घेतो. त्याचा व्यास एक मीटर धरा, तर बाहेरच्या कडेचा वेग येतो ताशी ५६५ किलोमीटर. विमानाच्या जवळपास! पाठवण्याआधी तो आणखी २० टक्के जास्त वेगाने फिरवून बघतात, जाड काँक्रीटच्या खड्ड्यात. काहीही सुटलं तर तोफेचा गोळाच. ट्रान्सफॉर्मरला खोटी वीज पाडून बघतात. २२० केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरवर साधारण साडेनऊ लाख व्होल्टचा तडाखा, सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापुरता. त्या वेळी शॉपमध्ये टाचणी पडलेली ऐकू येईल. कित्येक महिन्यांचं काम त्या एका क्षणात पास किंवा नापास.

चूक आणि गुन्हा

आता एक अशी गोष्ट, जी वाचून मला माझा वॉशर आठवला.

मेट्रोव्हिकची यंत्रं सोव्हिएत रशियातही जायची, आणि ती उभारायला कंपनीचे इंजिनिअर तिथे राहायचे. मार्च १९३३ मध्ये मॉस्कोत त्यातल्या सहा जणांना अटक झाली, सोबत रशियन सहकाऱ्यांनाही. आरोप काय, तर हेरगिरी आणि घातपात. वीजकेंद्रांतली यंत्रं बिघडतात ती हे लोक मुद्दाम बिघडवतात म्हणून. खटला जगभर गाजला. दोन ब्रिटिश इंजिनिअरांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. ब्रिटनने व्यापार रोखल्यावर काही महिन्यांत त्यांची सुटका झाली. रशियन आरोपींच्या मागे असा कुठलाच देश नव्हता.

मी विचार करते, त्या वीजकेंद्रात दुसऱ्या दिवशी एखाद्या रशियन फिटरच्या हातून वॉशर पडला असेल तर? तो सांगेल? बिघाड म्हणजे गुन्हा ठरला की पहिली गोष्ट कुठली होते, तर लोक बिघाड लपवायला लागतात. आणि लपवलेला बिघाड यंत्र पाच वर्षांनी सांगतं, स्वतःच्या पद्धतीने.

तर, वॉशर

दोन पन्नासला मी मचाणावरून उतरले आणि काकांकडे गेले. घशातून आवाज निघत नव्हता. म्हटलं, “काका, एक वॉशर आत पडला. माझ्याकडून.”

मला वाटलं ओरडतील. त्यांनी फक्त घड्याळ बघितलं आणि विचारलं, “कुठे उभी होतीस? कुठल्या हातातून सुटला? टिंग एकदा वाजलं की दोनदा?”

एकदा, म्हटलं.

“मग फार खोल नाही गेला. चल.”

रात्री तो ट्रान्सफॉर्मर सुकवायच्या भट्टीत जाणार होता. ते थांबवलं. साहेबांना कळवलं. तीनचा भोंगा झाला, बस गेली, मी आईला फोन करून सांगितलं की उशीर होईल. चुंबक सोडून शोधू का, असं मी विचारलं, तर काका हसले. “बेटा, तो गाभ्यालाच जाऊन चिकटेल ना!” मग दुर्बिणीसारखा नळीचा कॅमेरा आत सोडला. एक-एक फट बघितली. रात्री साडेनऊला तो दिसला. दुसऱ्या कॉइलच्या खाली, आधाराच्या दोन लाकडी ठोकळ्यांच्या मध्ये, आरामात पडलेला. काकांनी लांब काठीच्या टोकाला उलटी चिकटपट्टी लावली आणि तिसऱ्या प्रयत्नात त्याला वर काढलं. मग माझ्या वाटीत टाकला. २४.

कँटीन बंद झालं होतं. गेटबाहेरच्या टपरीवर चहा पीत मी विचारलं, “काका, तुम्ही रागावला का नाहीत?”

म्हणाले, भोपाळला असताना त्यांच्या हातूनही असंच काहीतरी आत पडलं होतं, वयाच्या विसाव्या वर्षी. तेव्हा उस्तादांनी पहिला प्रश्न विचारला होता, ‘कुठे?’ ‘कोणी?’ असा नाही. “तो प्रश्न मी तुला दिला. अजून काय देणार?”

शेवटी

ट्रॅफर्ड पार्कच्या त्या कारखान्याचं नाव १९६० मध्ये मेट्रोव्हिकवरून एईआय झालं. १९६७ मध्ये जीईसीने एईआय विकत घेतली, आणि पुढे हळूहळू तिथलं काम आटत गेलं. पिट्सबर्गहून फ्लेमिंग शिकून आले, मँचेस्टरहून काकांचे उस्ताद शिकून आले, भोपाळहून काका आमच्याकडे आले. इमारती पडल्या, पाट्या बदलल्या, पण हातातून हातात गेलेलं काम अजून कुठेतरी गुणगुणतंय.

आपल्याकडे अप्रेंटिस कायदा १९६१ पासून आहे. तुमच्यातले कितीतरी जण आत्ता आयटीआय किंवा डिप्लोमा करून कुठे ना कुठे अप्रेंटिस असाल. वर्ष संपलं की निघायचं, मग कशाला जीव लावायचा, हे मलाही वाटायचं. पण त्या वर्षात एखादे काका भेटले तर त्यांच्या शेजारी उभे राहा. ते बोटांनी काय बघतात ते विचारा. व्हिडिओ बघून कागद चढलेला कळत नाही, मी करून बघितलंय.

आणि काही पडलं, तर सांगा. दोन पन्नासला सांगितलेली चूक साडेनऊला निस्तरता येते.

मी आता कारखान्यात नाही. पण तो वॉशर काकांनी मला देऊन टाकला होता, स्टोअरला २३ लिहून. माझ्या माइकच्या स्टँडला दोऱ्याने बांधलाय. या भागाच्या सुरुवातीला जो टिंग ऐकलात ना, तो त्याचाच.

तुमच्या घरात कुणी कारखान्यात होतं का? आजोबा, मावशी, शेजारचे काका? त्यांच्याकडे बसा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि विचारा, ‘तुमच्या हातून कधी काय पडलं होतं?’ आणि मग गप्प बसून ऐका.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा.